दोन याद्यांमधले सामाईक नाव

गोवंडीच्या शिवाजीनगरमधल्या एखाद्या जरीच्या कारखान्यातून बारा वर्षांच्या मुलाची सुटका होते, तेव्हा त्या एका मुलाच्या किती ठिकाणी आणि किती प्रकारच्या नोंदी होतात, हे एकदा शांतपणे पाहण्यासारखे आहे. कामगार विभागाच्या कागदावर तो बालकामगार असतो. पोलीस ठाण्यात बालकामगार कायदा आणि बाल न्याय अधिनियमाचे कलम ७९ लावले जाते, म्हणून तिथे तो मालकाने राबवून घेतलेला अल्पवयीन ठरतो. चोवीस तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे हजर करतात आणि तिथे तो ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ होतो. डोंगरीच्या किंवा मानखुर्दच्या बालगृहात त्याला दाखल क्रमांक मिळतो, आणि धाडीत सोबत गेलेल्या संस्थेच्या संगणकात आणखी एक केस नंबर. बिहारमधल्या त्याच्या गावी मात्र बहुधा कसलीच नोंद नसते, कारण आईवडिलांनी थोडी उचल घेऊन त्याला ओळखीच्या माणसाबरोबर स्वतःच पाठवलेले असते. आणि स्वतः पाठवलेल्या मुलाच्या हरवल्याची तक्रार कोण देणार?

या सगळ्या कागदांत ‘मानवी तस्करी’ हे शब्द एकदाही येत नाहीत, असे अनेकदा घडते. भारतीय न्याय संहितेचे कलम १४३, म्हणजे आधीच्या दंड संहितेचे कलम ३७०, लावायचे तर मुलाला गावाहून कोणी आणले, कशाचे आमिष दाखवले आणि कोणाच्या ताब्यात दिले, ही साखळी जुळवावी लागते. त्यासाठी तपास अधिकाऱ्याला परराज्यात जावे लागते, आणि हातात इतर गुन्ह्यांचा ढीग असताना ते दर वेळी होत नाही. मुलगा सुटतो, घरी जातो, पण तस्करीच्या आकडेवारीत तो कधी येतच नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ या वर्षासाठी देशभरात मानवी तस्करीचे २,२५० गुन्हे दाखवले आहेत. पीडितांची संख्या सहा हजारांच्या आसपास आहे. गुन्ह्यांच्या संख्येत तेलंगण पहिला आणि महाराष्ट्र दुसरा. दुसरीकडे ‘वॉक फ्री’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचा २०२१ साठीचा अंदाज असा आहे की भारतात सुमारे १ कोटी १० लाख माणसे आधुनिक गुलामगिरीत जगत आहेत. हे दोन आकडे एकाच गोष्टीचे मोजमाप नाहीत, हे आधी स्पष्ट करायला हवे. पहिला पोलिसांत नोंदवलेल्या गुन्ह्यांचा आहे, दुसऱ्यात वेठबिगारी आणि सक्तीचे विवाहही धरलेले आहेत आणि तो पाहण्यांवर आधारलेला अंदाज आहे. तरीही वर्तमानपत्रांत दोन्ही आकडे सोयीप्रमाणे वापरले जातात. प्रश्न किरकोळ आहे असे म्हणायचे असेल तेव्हा पहिला, आणि प्रचंड आहे असे म्हणायचे असेल तेव्हा दुसरा. मधल्या विस्तीर्ण प्रदेशात गोवंडीचा तो मुलगा उभा आहे, आणि त्याच्याविषयी दोन्ही आकडे काहीच सांगत नाहीत.

सुटका झालेल्या मुली आणि मुले यांच्या केस-नोंदी ठेवण्याचे काम मी या शहरात बरीच वर्षे करत आले आहे. या विषयावर पैसा कमी आहे किंवा संशोधन कमी आहे, असे मला वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ज्यांच्या हातात नोंदवह्या आहेत आणि ज्यांना त्या नोंदींतून अर्थ काढता येतो, ती माणसे एका टेबलाशी बसत नाहीत. बसली, तर आज जे कोणाच्याच यादीत नाहीत त्यांच्याविषयीही काही खात्रीने बोलता येईल, आणि हे मी शब्दशः म्हणते आहे.

त्याआधी नोंदवही कशी असते ते सांगते. बालगृहातली नोंदवही जाड पुठ्ठ्याची, लांबट, लाल कापडी पाठीची असते. रकाने ठरलेले: अनुक्रमांक, नाव, वय, पत्ता, दाखल दिनांक, गुन्हा रजिस्टर क्रमांक व कलम, समितीचा आदेश क्रमांक, मुक्तता दिनांक, आणि सर्वांत उजवीकडे शेरा. पहिले आठ रकाने नीट भरलेले असतात, कारण तपासणीला येणारे तेच पाहतात. खरी माहिती शेऱ्यात असते. ‘मावशी भेटण्यास आली, मुलीने भेट नाकारली.’ ‘रात्री झोपत नाही.’ ‘पूर्वी पुण्यात होती असे म्हणते.’ या शेवटच्या ओळीत एक संपूर्ण प्रवास आहे, बहुधा दुसऱ्यांदा झालेली विक्री आहे. पण रकाना शेऱ्याचा असल्यामुळे ती कुठल्याही तक्त्यात जात नाही. एकदा घरी पाठवलेली मुलगी दीड वर्षाने पुन्हा सापडली, तर तिला नवा अनुक्रमांक मिळतो. कागदावर त्या दोन मुली असतात.

गेल्या काही काळात आम्ही काही संस्था, बालगृहांत काम केलेली माणसे आणि संख्याशास्त्र शिकलेले दोन-तीन तरुण असे मिळून एक समाईक अर्ज, म्हणजे सगळ्यांनी सारखाच भरायचा माहितीचा फॉर्म, तयार करण्याच्या खटपटीत आहोत. पहिल्या बैठकीत एका तरुणाने प्रश्न सुचवला: मुलीला कामावर लावणारा कोण होता, नातेवाईक, ओळखीचा की अनोळखी? प्रश्न अगदी रास्त होता. एका बालगृहातून अधीक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई तिथे होत्या, आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, “हे पाहा सर, पहिल्या दिवशी कुठलीही मुलगी ‘अनोळखी’ असंच सांगणार. सख्ख्या काकूनं आणून सोडलं हे ती मला तिसऱ्या महिन्यात सांगते, तेही भाजी निवडताना. तुमचा फॉर्म भरतात पहिल्या दिवशी.” त्यावर त्या तरुणाने विचारले, “मग ताई, हाच प्रश्न तीनदा विचारून तीनही उत्तरं तारखेसह ठेवली तर?” ताईंनी त्यावर मान डोलावली, आणि अर्जात एकाच प्रश्नापुढे तीन जागा आल्या: दाखल होताना, महिन्याने, आणि निघताना.

हा बदल लहान वाटेल. पण पहिल्या दिवसाच्या उत्तरांवर विसंबून केलेला कोणताही अभ्यास असे सांगेल की धोका परक्या माणसांकडून आहे, आणि मग सगळी जनजागृती ‘अनोळखी माणसाबरोबर जाऊ नका’ असे सांगत फिरेल. ज्या काकूने मुलीला आणून सोडले, ती त्या पोस्टरखाली निर्धास्त उभी राहील. संशोधकाला हे कळायला ताई हव्यात. ताईंना ती गोष्ट वर्षानुवर्षे ठाऊक होती, पण ती आकड्यांत मांडून मंत्रालयात घेऊन जाण्यासाठी त्यांना तो तरुण हवा होता.

आता त्या शब्दशः खऱ्या असलेल्या गोष्टीकडे येते. तलावात मासे किती आहेत हे तलाव न उपसता मोजण्याची एक जुनी पद्धत आहे. जाळे टाकून शंभर मासे पकडायचे, त्यांना खूण करून सोडून द्यायचे. काही दिवसांनी पुन्हा शंभर पकडायचे. त्यांत खुणेचे दहा निघाले, तर पकडलेल्यांतला दहावा हिस्सा खुणेचा आहे, म्हणजे तलावात साधारण हजार मासे असावेत. माणसांच्या बाबतीत जाळ्याच्या जागी याद्या येतात. पोलिसांची यादी, स्वयंसेवी संस्थेची यादी, स्थानिक प्रशासनाची यादी. एकच व्यक्ती किती याद्यांत सापडते, यावरून एकाही यादीत नसलेल्यांचा अंदाज बांधता येतो. ब्रिटनच्या गृहखात्याचे तत्कालीन मुख्य वैज्ञानिक सल्लागार बर्नार्ड सिल्व्हरमन यांनी २०१४ मध्ये नेमके हेच केले. २०१३ या वर्षात तिथल्या यंत्रणांच्या नजरेस आलेल्या संभाव्य पीडितांची संख्या २,७४४ होती. याद्यांमधली सामाईक नावे तपासून त्यांनी खरी संख्या १०,००० ते १३,००० असावी असा अंदाज मांडला. पुढे नेदरलँड्समध्येही ही पद्धत वापरली गेली.

हे गणित मला पहिल्यांदा समजले तेव्हा मी थक्क झाले होते, आणि अजूनही त्याचा विचार करताना तसेच होते. तस्करीचा बळी दिसत नाही, म्हणून त्याला मोजता येत नाही, हे वाक्य या क्षेत्रात इतक्यांदा ऐकू येते की ते निसर्गनियमासारखे वाटू लागते. पण जो दिसत नाही त्याचा माग दिसणाऱ्यांच्या याद्यांत असतो. तो काढण्यासाठी एकच अट आहे, त्या याद्या शेजारी-शेजारी ठेवाव्या लागतात. मुंबईत कुंटणखान्यांवर धाडी घालणारी पोलिसांची समाजसेवा शाखा, अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष, रेल्वे सुरक्षा दल, कामगार विभाग, बाल कल्याण समित्या आणि अनेक स्वयंसेवी संस्था आपापल्या याद्या ठेवतात. कामाठीपुरा कामगार विभागाच्या यादीत नसतो आणि मदनपुऱ्यातले पिशव्यांचे कारखाने समाजसेवा शाखेच्या यादीत बहुधा नसतात. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरलेल्या मुलाची नोंद रेल्वेकडे राहते.

मात्र हे गणित मुंबईला जसेच्या तसे लावले तर चुकेल, आणि ते का चुकेल हे संगणकासमोर बसून कळणार नाही. पद्धत असे धरून चालते की एका यादीत नाव येणे आणि दुसऱ्या यादीत येणे यांचा एकमेकांशी संबंध नाही, किंवा असलाच तर तो गणितात धरता येतो. इथे काय घडते? संस्थेच्या कार्यकर्त्याला खबर मिळते, तो पोलिसांना घेऊन धाडीला जातो, मुलगी समितीपुढे जाते, तिथून बालगृहात. एकाच संध्याकाळी ती चार याद्यांत शिरते. याद्यांत सामाईक नावे भरपूर निघतात आणि गणित म्हणते की बाहेर फारसे कोणी उरलेले नाही. याच्या उलटही होते. सतरा वर्षांची मुलगी बालगृहात जाते आणि अठराची महिला वसतिगृहात. या दोन याद्यांत सामाईक नाव निघणेच शक्य नाही, म्हणून अंदाज आभाळाला भिडतो. कोणती यादी कोणत्या यादीच्या पोटातून जन्मते, हे धाडीला गेलेला हवालदार आणि बालगृहाची अधीक्षिका सांगू शकतात. म्हणून केवळ माहितीची फाइल पाठवण्याला मी सहकार्य म्हणत नाही. फाइल कशी तयार झाली हे सांगणारा माणूस तिच्याबरोबर असला पाहिजे.

सामाईक नाव शोधणे हेही सोपे नाही. कुंटणखान्यात घरवालीने, म्हणजे तो चालवणाऱ्या बाईने, ठेवलेले नाव एक, पोलिसांना सांगितलेले दुसरे, आणि घरचे तिसरे. बंगाली नाव मराठी कारकुनाच्या हातून नोंदवहीत उतरते तेव्हा त्याचा उच्चारच बदलतो. गावाचे नाव तर ऐकू आले तसे लिहिलेले असते. बांगलादेशातून आलेली मुलगी घाबरून पश्चिम बंगालमधला पत्ता सांगते. वयाचे तर विचारूच नका. घरवालीने तिला बावीस सांगायला शिकवलेले असते, हाडांच्या तपासणीत ‘सतरा ते एकोणीस’ येते, आणि सहा महिन्यांनी शाळेचा दाखला आला की ती सोळा निघते. यांपैकी कोणते वय यादीत ठेवायचे? आम्ही तिन्ही ठेवायचे ठरवले, कोणत्या कागदावरून आले तेही लिहून.

आणि यादीत आलेले प्रत्येक नाव तस्करीच्या बळीचेच असते असेही नाही. ३० मे २०२३ रोजी दानापूर–पुणे एक्स्प्रेसमधून भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर बिहारमधल्या ५९ मुलांना उतरवण्यात आले. ती पुणे आणि सांगलीच्या मदरशांत शिकायला निघाली होती. सोबतच्या पाच जणांवर तस्करीचा गुन्हा दाखल झाला, ते काही आठवडे तुरुंगात राहिले, मुलांना आश्रयगृहात राहावे लागले. पुढे, २०२४ मध्ये, गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेल्याचे सांगून पोलिसांनीच प्रकरणे बंद केली. त्या दिवशीच्या बातम्यांत मात्र ५९ मुलांची ‘सुटका’ झालेली होती. ज्या आकडेवारीत फक्त धाडीचा दिवस नोंदला जातो आणि प्रकरणाचा शेवट नोंदला जात नाही, तिच्यात अशी मुले कायमची बळी म्हणून राहतात आणि अशी माणसे कायमची तस्कर म्हणून. शेवटाचा रकाना नसणे हा माझ्या मते या आकडेवारीतला सर्वांत गंभीर दोष आहे. दोषारोपपत्र दाखल झाले का, शिक्षा झाली का, मुलगी घरी टिकली का, हे कळल्याशिवाय सुटकेच्या आकड्याला मी महत्त्व देऊ शकत नाही.

प्रौढ स्त्रियांबाबत हेच अधिक तीव्रतेने म्हणावे लागते. सांगलीची ‘संग्राम’ ही संस्था आणि तिच्यासोबतच्या देहविक्री करणाऱ्या स्त्रिया वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत की धाडीत ‘सोडवलेल्या’ अनेकींनी सुटका मागितलेलीच नसते. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२२ च्या आदेशात स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या प्रौढ स्त्रियांच्या सन्मानाची आणि कायद्याच्या संरक्षणाची बाजू घेतली. म्हणून तिचे स्वतःचे म्हणणे, अधिकाऱ्याचे मत आणि न्यायालयाचा निष्कर्ष हे तीन वेगळे रकाने असायला हवेत. एकाच चौकटीत ते कोंबले की आकडा फुगतो आणि माणूस हरवतो.

मुंबईला हे सगळे नवे नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून कामाठीपुरा परिसरात धाडी पडल्या आणि चारशेहून अधिक मुली-स्त्रियांना बाहेर काढले गेले; त्यांतल्या पुष्कळ नेपाळच्या होत्या. नेमक्या किती, हे वेगवेगळ्या लेखनात वेगवेगळे आढळते. इतक्या गाजलेल्या, न्यायालयाच्या देखरेखीखालच्या घटनेची ही स्थिती असेल, तर रोजच्या धाडींचे काय? त्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या क्षेत्रीय प्रकल्पातून १०९८ ही मुलांसाठीची फोनसेवा मुंबईत सुरू झाली. काम करणाऱ्यांच्या रोजच्या नोंदींतून मुलांच्या प्रश्नांचे चित्र उभे करता येते, हे तिने दाखवले. पुढे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगासाठी दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने २००२ ते २००४ या काळात मोठा कृती-संशोधन प्रकल्प केला. त्याची धुरा पी. एम. नायर या पोलीस अधिकाऱ्याकडे होती. बळी पडलेल्या व्यक्ती, कुंटणखान्यांचे चालक, गिऱ्हाईक, तस्कर आणि पोलीस या सर्वांशी त्यात बोलणे झाले. देशात दरवर्षी सरासरी ४४,००० मुले हरवल्याची नोंद होते आणि त्यांतली सुमारे ११,००० सापडत नाहीत, हा आकडा त्याच अहवालाने लोकांपुढे ठेवला. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये दिला. हरवणे आणि तस्करी यांचा संबंध तोवर मान्य झाला होता, आणि त्यात अशा आकड्यांचा वाटा निश्चित आहे.

नोंदी एकत्र करायच्या म्हटले की पहिला आक्षेप गोपनीयतेचा येतो, आणि तो खरा आहे. बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते. नुसते नाव खोडून भागत नाही. एखाद्या छोट्या तालुक्याचे नाव, वय सोळा आणि सुटकेचा महिना एवढे कळले तरी गावात ती कोण हे ओळखतात, आणि तिथे तिचे लग्न ठरलेले असते. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने ‘पोलारिस’ या संस्थेसोबत २०१७ मध्ये अनेक संस्थांच्या केस-नोंदी एकत्र करणारा उपक्रम सुरू केला, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच पेच होता. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांच्या मदतीने २०२१ मध्ये त्यांनी दीड लाखांहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवरून कृत्रिम नोंदींचा संच प्रसिद्ध केला. त्यातली एकही ओळ खऱ्या व्यक्तीची नाही, पण वय, देश, शोषणाचा प्रकार यांचे परस्परांशी असलेले प्रमाण मूळ नोंदींच्या जवळ जाणारे आहे. हे तंत्र आपल्याकडे वापरता येईल असे मला वाटते. फक्त कुलूपबंद कपाटाची किल्ली कोणाकडे, हे आधी ठरायला हवे. मूळ नोंदी संस्थेच्या बाहेर जाऊ नयेत, जुळवणी सांकेतिक क्रमांकांवरून व्हावी, आणि प्रसिद्धीपूर्वी प्रत्येक तक्ता ताईंसारख्या व्यक्तीने पाहावा, ही आमची भूमिका आहे.

संशोधकांविषयी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. नोंदी घेऊन गेलेल्यांपैकी फार थोडे परत येतात. निबंध छापला जातो, बालगृहाच्या हाती काहीच येत नाही, आणि पुढच्या वेळी अधीक्षिका दारातच म्हणते, “अर्ज द्या, साहेबांना विचारून कळवते.” तिच्या जागी मी असते तरी हेच म्हटले असते. जो तक्ता तयार होईल तो आधी तिला दाखवा. कोणत्या जिल्ह्यातून यंदा मुली अचानक वाढल्या, हे तिला कळले तर त्या भाषेची समुपदेशक ती वेळेत मागू शकेल.

अर्जाचा मसुदा आम्ही शेवटी ज्यांच्या आयुष्याविषयी तो आहे अशा काही जणींपुढे ठेवला. त्या आता प्रौढ आहेत, कामधंदा करतात. देशात अशा व्यक्तींचा ‘इंडियन लीडरशिप फोरम अगेन्स्ट ट्रॅफिकिंग’ हा मंच २०१९ पासून आहे, म्हणजे ही कल्पना आमची नव्हे. त्यांनी शोषणाचा तपशील विचारणारे दोन प्रश्न काढायला लावले, कारण पोलीस, डॉक्टर आणि न्यायालय यांनी ते आधीच विचारलेले असतात. मग त्यांच्यातली एक, जी वसईकडच्या एका कारखान्यात राबली होती, म्हणाली, “मॅडम, एक प्रश्न कुणीच विचारत नाही. मालकाकडं माझे किती पैसे राहिले?” आमच्यातल्या वकील मैत्रिणीने लगेच सांगितले की तारखा आणि ठरलेला पगार नोंदवलेला असेल, तर थकीत वेतनाचा दावा लावता येतो, आणि १९७६ च्या वेठबिगार कायद्याखाली मुक्ततेचा दाखला मागतानाही तो कागद उपयोगी पडतो. हा रकाना आता अर्जाच्या पहिल्याच पानावर आहे: काम केल्याचा काळ, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम, बाकी. कामगार विभागाने त्यांच्या धाडींच्या नोंदीतही तो घ्यावा, यासाठीचे पत्र तयार आहे.